झिजलेल्या ब्रिटिश नाण्यांवरील अक्षरचुका : पारख आणि मोल

गोव्यात जुनी ब्रिटिश नाणी सापडणे नवलाचे नाही. बोटीवर नोकरी केलेल्या तारवटींच्या पेट्यांतून शिलिंग आणि सहा पेन्सची नाणी घरोघरी आली आणि घरे आवरली जाऊ लागली तशी त्यांतली काही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही दिसू लागली. असे एखादे नाणे पुढे करून ‘यावर अक्षर चुकले आहे, किती येतील?’ असे विचारणारे वरचेवर भेटतात. त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. झिजेने नाण्यावरचा धातू कमी होतो, वाढत नाही. म्हणून गळालेल्या रेघेवर भरवसा ठेवू नये, नको तिथे उठलेली रेघ शोधावी.

याचे उत्तम उदाहरण इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या तांब्याच्या अर्ध्या पेनीत मिळते. १६९५ ते १७०१ या काळातली ही नाणी खासगी ठेकेदारांकडून पाडून घेतलेली होती आणि त्यांचे काम अगदीच ओबडधोबड होते. साच्यावर प्रत्येक अक्षर वेगळ्या ठशाने ठोकले जाई, त्यामुळे ‘व्ही’चा ठसा हाताशी नसला की कारागीर ‘ए’ उलटा करून ठोकत. अशा नाण्यावर ‘व्ही’च्या पोटात एक आडवी रेघ दिसते आणि ती कितीही पुसट असली तरी झिजेने आलेली असूच शकत नाही. याउलट ‘ए’ची आडवी रेघ नसेल तर ‘व्ही’ उलटा ठोकला असेल किंवा रेघ नुसती झिजली असेल. नाणे गुळगुळीत असेल तर मी दुसरी शक्यताच धरतो. मात्र या अर्ध्या पेन्यांवर चुका इतक्या आहेत की, फार झिजलेल्या नाण्याला चुकीसाठी कोणी फारसे जास्त मोजत नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या १८७८ च्या सहा पेन्सांची गोष्ट वेगळी आहे. त्यातल्या काहींवर ‘ब्रिटानियार’ (राणीच्या पदवीतला ब्रिटनच्या नावाचा लॅटिन संक्षेप) यातल्या ‘बी’च्या जागी ‘डी’ पडला आहे, ही चूक नोंदलेली आहे आणि तिला मागणीही आहे. पण झिजलेल्या ‘बी’च्या दोन्ही पोकळ्यांत मळ बसला की तोही ‘डी’सारखाच भासतो. अशा वेळी दहापट भिंगाखाली, उजेड बाजूने आणि तिरपा पडेल असे नाणे धरून अक्षराची उजवी कड पाहावी. ‘बी’ असेल तर मध्यावर कमरेसारखी खाच राहते, ‘डी’ असेल तर कड वरपासून खालपर्यंत सलग वळते. या काळातल्या बहुतेक सहा पेन्सांवर मागील बाजूस साच्याचा क्रमांकही असतो. खात्रीच्या नमुन्याशी तो जुळला तर आधार मिळतो, पुरावा नव्हे, कारण चूक पुढच्या साच्यावर आहे आणि क्रमांक मागच्या.

साच्याच्या खोबणीत तेलकट मळ भरूनही अक्षर अर्धवट उठते. ‘ई’चा ‘एफ’ किंवा ‘आर’चा ‘पी’ झालेला दिसतो तो पुष्कळदा यामुळेच, आणि त्याला मोल जवळजवळ नसते. काही गोष्टी तर मुळात चुकाच नसतात. चौथ्या जॉर्जच्या नावापुढच्या चार उभ्या रेघा हेतुपुरस्सर आहेत, आणि सातव्या एडवर्डच्या नाण्यावरच्या ‘ब्रिट्ट’मधले दोन ‘टी’ हे लॅटिनमधल्या अनेकवचनाच्या संक्षेपासाठी आहेत. १९७१ ते १९८१ दरम्यानच्या दोन पेन्सांवर ‘न्यू पेन्स’ असणे हेही बरोबरच आहे. त्यानंतर ‘टू पेन्स’ आले, तरी जुनेच शब्द राहिल्याची चूक आहे ती १९८३ च्या काही नाण्यांवर, आणि ती मुख्यतः नाणेसंचांतून बाहेर आली. ऑनलाइन जाहिरातींत हा फरक सोयीस्करपणे गाळला जातो.

किंमत ठरवताना मी मोडीच्या भावापासून सुरुवात करतो. १८७८ चे सहा पेन्स २.८३ ग्रॅमचे आणि ९२.५ टक्के चांदीचे असते, त्यामुळे त्याचा तळभाव सोनारही सांगेल. त्यावर किती चढेल हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : चूक नाण्यांच्या सूचीत नोंदलेली आहे का, ती नुसत्या डोळ्यांनी दिसते का, आणि तितक्याच झिजलेल्या नाण्याला लिलावात प्रत्यक्षात किती मिळाले. विक्रेत्याने लावलेली किंमत हिशेबात धरू नये. नाणे घासलेले असेल तर भाव पडतो. आपल्याकडे चवथीआधी समईबरोबर तेही चिंचेने लख्ख करण्याची हौस दिसते. कळंक परवडला, चिंच नको, कारण ठोकलेल्या अक्षराच्या बारीक कडा एकदा गेल्या की चूक सिद्धच करता येत नाही.

राहिला लंडनच्या भावांचा मोह. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तूंत मोडते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. म्हणून म्हापशात मिळालेल्या १८७८ च्या नाण्याला लंडनच्या लिलावातला आकडा जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही. इथला संग्राहक काय देतो तोच त्याचा भाव, आणि तो बहुधा कमीच असतो.