बोस्टनचा बर्फ बघायला जाताय? आधी हे वाचा

आमची लेक बोस्टनला डॉर्चेस्टर भागात राहते. ह्या वेळी आम्ही दोघं मुद्दाम थंडीत गेलो, कारण उन्हाळ्यात जाऊन आलेल्या सगळ्यांचं एकच असतं, सगळं बघितलं पण बर्फ नाही बघितला. गड्डा, म्हणजे आपली जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, चुकला ह्याची रुखरुख आमच्या ह्यांना शेवटपर्यंत होती, पण बर्फ बघायचा तर जानेवारी-फेब्रुवारीच. परत आल्यापासून जुळे सोलापूरमधनं ओळखीच्यांचे फोन चालूच आहेत, कधी जावं, काय न्यावं, रोज बर्फ पडतो का, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

रोज पडत नाही. हे आधी डोक्यात घ्या म्हणजे निराशा होणार नाही. बोस्टनची सरासरी एका हंगामाला ४९ इंचाच्या आसपास आहे, म्हणजे चार फूट, पण तो मोजक्या वादळांमधे पडतो आणि मधले कितीतरी दिवस नुसतं कोरडं ऊन नाहीतर चिडचिड आणणारा पाऊस. आपल्याकडं नाही का, सरासरी कागदावर बरी दिसते, अख्खा जुलै कोरडा जातो आणि सप्टेंबरात दोन दिवसात ओढे भरून वाहतात, अगदी तसंच आहे हे. २०१४-१५ च्या हिवाळ्यात तिथं ११० इंच पडला, आजवरचा सगळ्यात जास्त, आणि त्यातला बहुतेक जानेवारीच्या शेवटापासून पुढच्या महिनाभरात. शहरातनं उचलून एका ठिकाणी टाकलेला त्याचा ढीग जुलैपर्यंत वितळला नव्हता! आणि २०२३-२४ मधे अख्ख्या हंगामात १० इंचसुद्धा नाही. त्यामुळं आठवड्याभरासाठी जाऊन बर्फ बघून येऊ असं ठरवत असाल तर नशिबावर आहे बघा. महिनाभर राहायची सोय असेल तरच बर्फासाठी जा.

आता हे असं का, ते जावयांनी नकाशा उघडून समजावलं आणि मला फार आवडलं म्हणून सांगते. मोठा बर्फ आणणाऱ्या वादळाला तिथं नॉर-ईस्टर म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ समुद्रावर कमी दाबाचा पट्टा तयार होतो, वारा त्याच्याभोवती उलट्या काट्यानं फिरतो, म्हणून बोस्टनला तो ईशान्येकडनं, समुद्रावरनं येतो. समुद्राचं पाणी बाष्प पुरवतं, पण तेच पाणी हवेपेक्षा गरम असतं. डिसेंबरात ते ७-८ अंश असतं, म्हणून डिसेंबरातली बरीच वादळं किनाऱ्यावर पाऊसच देऊन जातात. फेब्रुवारीपर्यंत ते ४ अंशांवर येतं, मग बर्फ टिकतो. शिवाय वादळ कुठनं जातं ह्यावर सगळं. किनाऱ्याला चिकटून गेलं तर शहरात पाऊस, फार लांबनं गेलं तर काहीच नाही, आणि मधल्या ठरावीक वाटेनं गेलं तरच मोठा बर्फ. पाच-पन्नास मैल इकडंतिकडं झालं की अंदाज पार बदलतो, त्यामुळं टीव्हीवर आठ दिवस आधी काय सांगतात त्याच्यावर जाऊ नका, शेवटच्या दोन दिवसांचा अंदाज धरा.

आमच्या पहिल्या वादळात नेमकं हेच झालं. सकाळपासून घराबाहेर नुसता पाऊस आणि बोचरा वारा, आणि जावयांचे मित्र वूस्टरला राहतात त्यांच्याकडनं फोटो येतायत, अंगणात गुडघाभर बर्फ! वूस्टर पश्चिमेला ६०-६५ किलोमीटर आत आणि बरंच उंचावर आहे, तिथं बोस्टनपेक्षा बर्फ सहसा जास्त पडतो. मग रस्ते साफ झाल्यावर आम्ही साऊथ स्टेशनवरनं लोकल पकडून तिकडं जाऊन आलो. साधारण दीड तासाचा प्रवास आहे, आणि गाडीतनं बघताना आधी ओलं काळं रान, मग मधेमधे पांढरं, मग सगळंच पांढरं असं बदलत जातं. शहरात पाऊस लागला तर हा उपाय नक्की करा.

दुसरं वादळ मात्र पुरतं आपल्या वाट्याला आलं. आदल्या संध्याकाळी आम्ही बॅक बे भागात होतो, तिथं जुन्या हॅनकॉक इमारतीच्या टोकावर हवामानाचा दिवा आहे. निळा स्थिर असला तर आकाश मोकळं, निळा उघडझाप करत असला तर ढग येणार, लाल स्थिर म्हणजे पाऊस आणि लाल उघडझाप म्हणजे बर्फ. तेव्हा लाल उघडझाप करत होता! रात्री उणे सहा होतं त्यामुळं बर्फ कोरडा, बारीक. ह्यांच्या काळ्या जॅकेटच्या बाहीवर एकेक कण येऊन बसायचा आणि त्याचे सहा कोपरे नुसत्या डोळ्यांनी मोजता यायचे. शून्याच्या जवळ तापमान असलं की हे दिसत नाही, तेव्हा मोठेमोठे ओले पुंजके पडतात आणि चिकटून बसतात.

दुकानातलं दूध-ब्रेड वादळाच्या आदल्या दिवशीच संपतं, हे लक्षात ठेवा. आमच्याकडं कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, दोन दिवस काही अडलं नाही.

बर्फ थांबला की तीन तासात आपल्या घरापुढचा फुटपाथ मोकळा करायचा असा बोस्टनला नियम आहे. उत्साहानं फावडं हातात घ्यायचा मोह होतो, पण हार्टचा त्रास असलेल्यांनी अजिबात घेऊ नका. ओला बर्फ भयंकर जड असतो आणि थंडीत छातीवर एकदम ताण येतो. ह्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, लेकीनं दारातच अडवलं आणि बरोबर केलं. गाडी बर्फात अडकली असेल तर सायलेन्सरचं तोंड मोकळं केल्याशिवाय इंजिन चालू करून आत बसू नका, विषारी गॅस आत साठतो. रस्त्यावर कुणी पार्किंगच्या जागेत मोडकी खुर्ची ठेवलेली दिसली तर हलवू नका, ज्यानं तासभर खपून जागा उकरली त्याची ती असते.

खरा धोका वादळानंतर आहे. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि डांबरावर काचेसारखा थर येतो, तो दिसतच नाही. हात खिशात घालून चालू नका, छोटी पावलं टाका. चौकाच्या कोपऱ्याला घोटाभर राखाडी चिखल साठतो, त्यासाठी वॉटरप्रूफ बूट लागतात, आणि ते तिथंच घ्या, इथनं नेलेले स्पोर्ट्स शूज पहिल्याच दिवशी भिजतात. रस्त्यावर मीठ टाकतात त्याचे पांढरे डाग बुटांवर पडतात, दारातच काढायची सवय लावा. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा आत थर्मल, मधे लोकरीचं, वर वारा अडवणारं जॅकेट, कारण किनाऱ्यावर थंडीपेक्षा वारा जास्त झोंबतो. घरात हीटरनं हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, व्हॅसलीन न्या. मोबाईलवर सेल्सिअस लावून घ्या, तिथं सगळे फॅरनहाइटमधे बोलतात, ३२ म्हणजे आपलं शून्य.

तिकिटाचं बघा. वादळाच्या दिवशी फ्लाइट सर्रास रद्द होतात आणि मधे विमान बदलायचं असेल तर दोन दिवस कुठंतरी अडकाल, म्हणून गोळ्या हँडबॅगेतच ठेवा, आठवड्याभराच्या जास्तीच्या घ्या. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कुठलं लग्न, मुंज असं काही ठेवू नका. आणि मार्च संपला म्हणजे बर्फ संपला असं धरून स्वस्त तिकीट काढणार असाल तर, १९९७ साली ३१ मार्च-१ एप्रिलला तिथं २५ इंच पडलाय, जॅकेट बॅगेत असू द्या.