नोंदवहीतली शेवटची नोंद

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात एप्रिल संपत आला की माझा फोन थांबत नाही. बर्फ वितळलेलं असतं, मे महिन्यातली व्हिक्टोरिया डेची जोडसुट्टी समोर दिसत असते, आणि हिवाळाभर अंगणात झाकून ठेवलेले ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची फिरती घरं, सगळ्यांना एकदमच बाहेर काढायचे असतात. मी आरव्ही टेक्निशियन आहे, म्हणजे ही फिरती घरं दुरुस्त करतो. मूळचा रत्नागिरीकडचा, आयटीआय केलेला. इथे येऊन याच कामाची उमेदवारी केली, रेड सील हे कॅनडाभर चालणारं कारागिराचं प्रमाणपत्र मिळवलं. आता व्हॅनमध्ये हत्यारं घालून लोकांच्या दारात जाऊन काम करतो.

२०२४च्या वसंतात रेड डिअर शहराच्या दक्षिणेला एका शेतावरून बोलावणं आलं. फोनवर मुलगी म्हणाली, "वडिलांचा फिफ्थ व्हील आता आम्ही घेतलाय. बाकी सगळं छान आहे, फक्त फ्रिज थंड होत नाही."

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साधा ट्रेलर गाडीच्या मागे गोळ्याला अडकवतात. फिफ्थ व्हीलचं नाक पिकअपच्या हौद्यात येऊन बसतं. त्याच्या खाली जाड पिन असते आणि ती हौद्यात पक्क्या केलेल्या जबड्यात अडकते. उरणच्या बंदरातून निघणारे कंटेनरचे ट्रेलर असेच जोडलेले असतात. वजनाचा मोठा वाटा थेट पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलवर येतो, म्हणून एवढं लांब घर मागे असूनही ते रस्त्यावर फारसं डोलत नाही. नाकाच्या त्या उंच भागात झोपायची खोली असते.

हा ट्रेलर २००३चा होता. २९ फूट लांब, लाकडी चौकट, वरून पन्हाळीदार अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. वडिलांनी कोरा घेतलेला. ते गेल्यावर भावांशी बोलून मुलीने तो आपल्याकडे ठेवला. मी पोचलो तेव्हा ती, तिचा नवरा आणि तिची सत्तरी ओलांडलेली आई बाहेरच उभी होती. नवे पडदे, नव्या गाद्या, मुलांच्या बर्थसाठी छोटे दिवे, सगळी खरेदी झाली होती.

फ्रिजचं काम तासाभराचं निघालं. हे फ्रिज कॉम्प्रेसरवर चालत नाहीत. मागे गॅसची बारीकशी ज्योत जळते, त्या उष्णतेने अमोनिया उकळून नळ्यांतून फिरतो आणि आत थंडावा तयार होतो. पंप नाही, मोटर नाही. द्रव उतारानेच परत खाली येतो. म्हणून ट्रेलर सपाट उभा असणं अत्यावश्यक. तिरका ठेवून फ्रिज चालवत राहिलं तर नळ्या आतून कायमच्या निकामी होतात. इथे ट्रेलरचं नाक चांगलंच वर होतं. शिवाय बर्नरमध्ये कोळ्याचं जाळं आणि काजळी. मागचं झाकण उघडून आधी वास घेतला, पिवळी भुकटी कुठे दिसते का ते पाहिलं. दोन्ही नव्हतं, म्हणजे अमोनिया गळलेला नव्हता. बर्नर साफ केला, पुढचे जॅक खाली घेऊन ट्रेलर सपाट केला. ज्योत निळी झाली. असा फ्रिज गार व्हायला तासन् तास घेतो, त्यामुळे तो तसाच चालू ठेवून मी बाकीचं पाहायला लागलो.

तेवढ्यात आईंनी जेवणाच्या टेबलावरच्या कप्प्यातून एक जाड वही काढून माझ्या हातात दिली. "हे त्यांचं. तुम्हाला उपयोगी पडेल."

इतक्या वर्षांत मी अशी वही पाहिली नव्हती. दर वसंतात आणि दर शरदात एकेक पान. छतावर कुठल्या झरोक्याभोवती फटी बुजवायचं नवं सीलंट घातलं, कोणत्या चाकाची बेअरिंग उघडून ग्रीस भरलं, गिझरच्या टाकीतला मॅग्नेशिअमचा दांडा कधी बदलला. पोलादी टाकीत हा दांडा आधी झिजतो आणि त्याच्या जिवावर टाकी वाचते. बहुतेक मालकांना तो असतो हेच माहीत नसतं. यांनी काढलेल्या प्रत्येक जुन्या दांड्याची उरलेली जाडी लिहून ठेवली होती. २०१२च्या वसंतात नवे टायर. आणि शेवटचं पान ऑक्टोबर २०१७चं: पाणी काढलं, सगळ्या नळांतून गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) येईपर्यंत पंप चालवला, उंदरांचे सापळे लावले. पुढे कोरी पानं.

"पुढच्या वसंतात शिडी लावली होती त्यांनी," आई म्हणाल्या. "वर जाता आलं नाही."

मग माझं काम सोपं झालं. २०१७पर्यंत ज्याची नोंद आहे ते झालेलं आहे असं धरायचं, आणि त्यानंतर दरवर्षी जे जे व्हायला हवं होतं ते झालेलं नाही असं धरून एकेक तपासायचं. एरवी जुना ट्रेलर समोर आला की अंदाजाने चाचपावं लागतं. इथे त्या माणसाने मला यादीच करून ठेवली होती.

आधी टायर. जावई म्हणाले, "नक्षी तर नव्यासारखी आहे." होतीच. पण टायरच्या कडेवर ‘DOT’ या अक्षरांनंतर येणाऱ्या आकड्यांतले शेवटचे चार पाहायचे. इथे १११२ होते, म्हणजे २०१२चा अकरावा आठवडा. बारा वर्षांचं रबर, त्यात एकाच जागी उभं राहून उन्हात तापलेलं. बगलेत बारीक भेगांचं जाळं होतं. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. पाच-सात वर्षांत नक्षी कितीही असो ते बदलायचे असं मी प्रत्येकाला सांगतो. महामार्गावर असा टायर फुटला की त्याचा पट्टा फडफडत वरची जमीन फाडतो, वायरी आणि सांडपाण्याचे पाइप ओढून काढतो. अशी दुरुस्ती मी केली आहे. त्या घरातली मुलं पुन्हा ट्रेलरमध्ये बसायला तयार नव्हती.

मग ब्रेक. ट्रेलरच्या प्रत्येक चाकात विजेवर चालणारा चुंबक असतो. नाकाशी एक छोटी पिन असते. ट्रेलर पिकअपपासून सुटला तर ती ओढली जाते आणि ट्रेलरची स्वतःची बॅटरी ब्रेक लावते. पिन ओढली, काहीच झालं नाही. बॅटरी मेलेली. माझी बॅटरी जोडली आणि करंट मोजला. या मापाच्या चार चुंबकांनी मिळून साधारण १२ अँपिअर घ्यायला हवेत, मीटर ९ दाखवत होता. म्हणजे एक चाक मुकं. अ‍ॅक्सलच्या पोकळ नळीतून जाणारी वायर आत घासून तुटली होती. नवी वायर मी नळीच्या बाहेरून नेली, पट्ट्यांनी बांधली आणि पुन्हा मोजलं: १२ला टेकला.

हिटरचं झाकण उघडलं तेव्हा आत उंदरांचं भलं मोठं घरटं. मुलगी लगेच व्हॅक्यूम घेऊन आली. मी तिला जवळजवळ ओरडूनच थांबवलं. इथल्या डिअर माउसच्या लेंड्या-मुतातून हंटाव्हायरसचा जीवघेणा आजार होऊ शकतो आणि कोरडं झाडलं किंवा व्हॅक्यूम केलं की तीच धूळ श्वासात जाते. दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या टाकायच्या, मास्क आणि हातमोजे घालायचे, एकाला नऊ असं ब्लीचचं पाणी शिंपडून सगळं भिजू द्यायचं आणि मग ओल्या कागदाने उचलायचं. आम्ही तिघांनी तसंच केलं. गॅसच्या दोन्ही टाक्यांवरची तारीख उलटून गेली होती. कॅनडात दहा वर्षांनी टाकी पुन्हा तपासून घ्यावी लागते, नाहीतर कोणी भरून देत नाही. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड शोधणारी यंत्रंही मुदत संपलेली. ती नवीच घ्या म्हटलं, यात काटकसर नको.

शेवटी छत. आमच्याकडे मृगाआधी घर शाकारायचे, तसंच या छताकडे दरवर्षी एकदा वर चढून पाहावं लागतं. रबराचा पडदा शाबूत होता, पण झरोक्यांभोवतीचं आणि पुढच्या पट्टीखालचं सीलंट सुकून तडकलं होतं. गुडघ्यांवर बसून तळव्याने दाबत गेलो. पुढच्या उजव्या कोपऱ्यात हात दबला. खाली झोपायच्या खोलीत त्याच जागी भिंतीच्या कागदाला पुसटशी सुरकुती, आणि ओल मोजायचं यंत्र तिथे लावताच ओरडलं. पाणी आत शिरत होतं. नवे पडदे तिथेच लागणार होते.

मुलीचा चेहरा उतरला. मी तिला खरं ते सांगितलं: लाकडी चौकट आणि पत्रा आहे म्हणून हे दुरुस्त होतं. कोपऱ्याचा पत्रा सोडवायचा, कुजलेल्या पट्ट्या कापून नव्या बसवायच्या, परत लावायचा. फायबरग्लासच्या चिकटवलेल्या भिंती असत्या तर थर सुटून फुगले असते आणि मी तिला एवढ्या खात्रीने बोललो नसतो. जुन्या ट्रेलरमध्ये मला ही साधी बांधणी म्हणूनच आवडते. तोवर कोपऱ्यावर चिकटपट्टी, झरोक्यांभोवती नवं सीलंट.

आणि मग पाण्याच्या नळ्या. एवढ्या वर्षांचे उणे तिसाचे हिवाळे, रिकाम्या घराचे. मी फुटलेल्या नळ्या धरूनच चाललो होतो. टाकीत थोडं पाणी घालून पंप चालू केला. नळांतून गुलाबी पाणी आलं, मग स्वच्छ. पंप दाब धरून गप्प बसला. एकही सांधा गळला नाही. २०१७च्या ऑक्टोबरात त्यांनी भरलेल्या अँटीफ्रीझने सगळं सांभाळलं होतं. मी आईंना बोलावून दाखवलं. त्या नळाला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शॉवरचा नळ ते कधी विसरत नसत."

सगळ्यात अवघड बोलणं जावयांशी झालं. वडिलांचा ‘एक टनी’, म्हणजे जड वर्गातला डिझेल पिकअप विकला गेला होता आणि यांच्याकडे होता ‘अर्ध्या टनाचा’, म्हणजे हलक्या वर्गातला. विकणाऱ्याने सांगितलं होतं की तो एवढा ट्रेलर सहज ओढेल. ओढेलही. पण पिनचं वजन हौद्यात येतं, आणि किती वजन वाहायचं ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या लेबलवर लिहिलेलं असतं. तिथे माणसं आणि सामान मिळून ६७० किलो होतं. सामानासकट हा ट्रेलर साडेचार हजार किलोच्या आसपास. फिफ्थ व्हीलमध्ये त्याचा साधारण पाचवा भाग पिनवर येतो, म्हणजे ९०० किलो. अजून गाडीत कोणी बसलेलंही नाही. ते बराच वेळ लेबलकडे पाहत राहिले. मी हिशेब कागदावर लिहून दिला आणि वजनकाट्यावर जाऊन खात्री करा म्हटलं.

आईंनीच मार्ग काढला. शेजाऱ्यांकडे एक टनी पिकअप आहे आणि गल लेक या तळ्याजवळ हंगामभरासाठी जागा भाड्याने मिळते. ट्रेलर एकदा नेऊन ठेवायचा, उन्हाळाभर तिथेच जायचं, शरदात परत आणायचा. मुलांना तळं मिळेल आणि यांना गाडी बदलायची घाई नाही.

पुढच्या आठवड्यात नवे टायर चढले. चाकांचे नट पहिल्या १५, ४० आणि ८० किलोमीटरला टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा आवळायचे, हे मी शेजाऱ्यांनाही समोर उभं करून सांगितलं. पाण्याच्या टाकीसाठी प्रमाण दिलं: १९० लिटरला २०० मिलिलिटर साधं, सुगंध न घातलेलं ब्लीच, प्रत्येक नळातून ब्लीचचा वास येईपर्यंत सोडायचं, रात्रभर ठेवायचं, मग धुऊन काढायचं. तो पुढचा कोपरा ऑगस्टमध्ये उघडायचं ठरलं. तेव्हा हवा कोरडी असते आणि पत्रा दोन-तीन दिवस काढून ठेवला तरी चालतं. लाकूड जावई स्वतः कापून ठेवणार होते. मापं मी वहीतल्या कोऱ्या पानावर लिहून दिली.