लिंक्सच्या काळ्या खिडकीत

जुलैत गोव्यातल्या वाळपईला पाऊस धरला की कौलांवरच्या आवाजात संगणकाचं बोलणं बुडून जातं. त्या दिवसांत मी आणि विद्यार्थी एकच इअरफोन वाटून घेतो. डावी बाजू माझ्या कानात, उजवी त्यांच्या. मला दिसत नाही, त्यांनाही दिसत नाही. आठवड्यातून दोन दिवस मी डिचोलीहून बसने येतो आणि बाजाराजवळच्या एका माडीवर अंध मुलामुलींना संगणक शिकवतो.

2025 च्या जुलैतला तो दिवस शिकवण्याचा नव्हता. सत्तरीतल्या आतल्या गावातली माझी एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर सकाळी साडेदहालाच येऊन बसली होती. बारावी झालेली, जन्मापासून अंध. वडिलांची काजूची थोडी बाग. जानेवारी 2023 मध्ये पणजीला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाला, तिथे गेलेल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आंधळी माणसंही संगणक चालवतात. तेव्हापासून त्यांनी ते मनात धरलं होतं, आणि चार महिन्यांपूर्वी मुलीला माझ्याकडे आणलं.

"सर, आज शेवटचा दिवस," ते म्हणाले. "पाच वाजता बंद होतं म्हणे."

एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज होता. ऑनलाइनच भरायचा. घरून तिने दोनदा प्रयत्न केला होता, पण तिथे रेंज नाही. मी म्हटलं, बस, तूच भर, मी फक्त ऐकतो. एवढं बोलतोय तोवर लाईट गेली. कुठेतरी झाड पडलं असणार. पावसात ते नेहमीचंच. लॅपटॉपला चार तासांची बॅटरी होती. मी मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं आणि पडद्याचा उजेड पूर्ण उतरवला. आम्हा दोघांना तो नकोच होता, आणि बॅटरी जरा जास्त टिकते. तिचे वडील काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. त्या खोलीत दिसणारे ते एकटेच, आणि काय चाललंय हे न कळणारेही ते एकटेच.

पान उघडायलाच चार-पाच मिनिटं गेली. वर मोठमोठी सरकणारी चित्रं होती. पडद्यावरचं बोलून दाखवणारा आमचा स्क्रीन रीडर, एनव्हीडीए, बोलू लागला: ग्राफिक लिंक, स्लायडर अंडरस्कोर झिरो थ्री. ग्राफिक लिंक, स्लायडर अंडरस्कोर झिरो फोर. मग बटन, बटन, बटन. नुसतंच बटन, नाव कशालाच नाही. डोळस माणसाला तिथे घराचं, कर्ण्याचं, भिंगाचं चित्र दिसत असेल. पण बनवणाऱ्याने त्या चित्राला शब्द जोडला नसेल तर आमच्या कानात फक्त त्याची जात येते, नाव येत नाही.

डोळस वाचकांसाठी इथे थोडं थांबतो. आम्ही पान वरून खाली वाचत नाही, तेवढा वेळ कुणाकडे असतो? एच दाबला की पुढचं हेडिंग, के दाबला की पुढची लिंक, एफ दाबला की फॉर्ममधला पुढचा रकाना. अशा उड्या मारत आम्ही जातो. पण उडी मारायला खाली दगड हवेत. हेडिंग फक्त मोठ्या अक्षरात रंगवलेलं असेल आणि आत तसं सांगितलेलं नसेल, तर तो दगड नसतोच.

मराठीत याहून जुनं एक दुखणं आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द आत मुळात ई-जे-के-बी-एच अशी इंग्रजी अक्षरं असतो. डोळ्याला मराठी दिसतं, आमचं यंत्र ती पाच अक्षरं जुळवून काहीतरी पुटपुटतं. अशी अख्खी परिपत्रकं मी ऐकली आहेत. युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवायची पद्धत, येऊन तीस वर्षांहून जास्त झाली, आणि अजूनही कुणी त्या फाँटात नोटीस काढली की आपल्याच भाषेची नोटीस आपल्याला ऐकता येत नाही. याचा मला फार राग येतो.

असो. तिने नाव भरलं, पत्ता भरला, बोटं छान चालत होती. जन्मतारखेवर अडली. रकान्यावर गेलं की एनव्हीडीए म्हणायचा, 'रीड ओन्ली'. टाइप करायचं नाही, कॅलेंडरमधून निवडायचं, आणि ते कॅलेंडर माऊसनेच उघडायचं. वीस मिनिटं आम्ही बाणांची, टॅबची, एंटरची प्रत्येक जोडी करून पाहिली. शेवटी मी उजेड वाढवला आणि वडिलांचा हात माऊसवर ठेवून त्यांच्याकडून तारीख निवडून घेतली.

खाली कॅप्चा. वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं आणि आकडे ओळखून लिहायचे, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध होतं. ऐकून लिहायची सोय नव्हती. वडील चौथीपर्यंत मराठीत शिकलेले. त्यांनी एकेक अक्षर हवेत बोटाने गिरवून मला त्याचा आकार समजावून सांगायचा प्रयत्न केला. आधी उभी रेघ, मग पोटाला गोल. त्यांच्या हाताला हात लावून मी ते अक्षर वाचत होतो. बी की आठ? दोनदा चुकलं, आणि दोन्ही वेळा सगळा फॉर्म कोरा झाला.

संस्थेला फोन केला. पलीकडच्या बाई वाईट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "कुणीतरी दिसणारं माणूस बसवा ना शेजारी."

खालच्या दुकानात एक मुलगा होता, त्याला हाक मारणार होतो. तिने माझी बाही धरली.

"नको सर. तो माझ्या वर्गात होता."

मग मला उमगलं. फॉर्मवर घरचं वर्षाचं उत्पन्न होतं, आईच्या आजारपणाबद्दल लिहायचा रकाना होता. अठरा वर्षांच्या मुलीने हे सगळं वर्गातल्या पोराला का वाचू द्यायचं? शेजारी दिसणारं माणूस बसवा, हे सांगणं सोपं असतं. आमच्या बँकेचा पिन, डॉक्टरचा कागद, एखादं पत्र, सगळं आयुष्यभर कुणीतरी शेजारी बसून वाचत आलेलं आहे. त्याच वर्षी 30 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या प्रकरणात अंध माणसांची केवायसीमधली अडचणही होती. मी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. आता तो हक्क आणि हा कॅप्चा एकाच टेबलावर होते.

दीड वाजून गेला होता. बॅटरी पस्तीस टक्के, रेंज एक काडी. वडिलांनी मला भाकरी पुढे केली, मी घेतली नाही.

तेव्हा मी लिंक्स उघडलं.

ऐकायला हे 'लिंक'चं अनेकवचन वाटतं, पण ते एका रानमांजराचं नाव आहे. 1992 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात हा ब्राउझर लिहिला गेला. अंधांसाठी नव्हे. विद्यापीठातल्या ज्या पडद्यांवर फक्त अक्षरं उमटायची, त्यांच्यासाठी. त्याला चित्र कळत नाही, रंग-मांडणी कळत नाही, पानातल्या हालचाली घडवणारा कोड, जावास्क्रिप्ट, तो चालवत नाही. पानातली अक्षरं आणि लिंका एकाखाली एक ठेवतो आणि, तशी सेटिंग केली तर, प्रत्येक लिंकला आणि रकान्याला नंबर देतो. आमच्यासाठी याहून सोपं काय असणार? माझ्या सुरुवातीच्या दिवसांत माझं निम्मं वाचन याच काळ्या खिडकीतून झालं. पुण्यात वाढलेले आणि चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेलेले टी. व्ही. रामन यांनी 1995 मध्ये ईमॅकस्पीक हे बोलणारं सॉफ्टवेअर काढलं, तेही अक्षरांच्याच जगातलं. पुढे 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए सुरू केला, तो फुकट मिळू लागला, आणि आम्ही सगळे फायरफॉक्सवर, क्रोमवर आलो. लिंक्स मागे पडला, पण मी तो कधी काढून टाकला नाही.

रेंजच्या त्या एका काडीवर पान काही सेकंदांत उघडलं. चित्रं मागवलीच नव्हती ना. आधी एक प्रश्न आला: ही कुकी, म्हणजे संकेतस्थळ आपल्या संगणकावर ठेवतं ती छोटी नोंद, घेऊ का? हो, नाही, नेहमी, कधीच नाही. लिंक्स लिहिणाऱ्यांतल्या लू माँटुली यांनीच पुढे 1994 मध्ये नेटस्केपमध्ये कुकी शोधून काढली, आणि त्यांचा जुना ब्राउझर अजूनही प्रत्येक कुकीला दारात थांबवून विचारतो. ती म्हणाली, "सर, हे आधी विचारतं तरी." तिने ए दाबला, म्हणजे नेहमी.

फॉर्म आला. तिने पहिल्यापासून भरायला घेतला, पाचव्या वेळेला. जन्मतारखेचा रकाना आला आणि ती थांबली. मग हळूच तिने एक दाबला. एक उमटला. चार दाबला, चार उमटला. रकान्याला कुलूप लावणारं ते कॅलेंडर जावास्क्रिप्टचं होतं, इथे ते चाललंच नाही. खाली उरला होता मूळचा साधा रकाना, ज्यात कुणीही तारीख लिहू शकतं.

मी श्वास धरून होतो, कारण पुढे कॅप्चा होता. ती बाण दाबत खाली गेली आणि एनव्हीडीएने वाचलं, एक इंग्रजी अक्षर, एक आकडा, एक अक्षर, असं सहापर्यंत. शेजारी लिहिलेलं, वरील अक्षरे टाइप करा.

आम्ही दोघं काहीच बोललो नाही. तिने परत वर जाऊन ऐकलं. तीच सहा.

"किते जालें गो?" वडिलांनी विचारलं.

नंतर घरी मी त्या पानाचा आतला कोड तपासला. कॅप्चा हे चित्र नव्हतंच. साधी अक्षरं, मागे रेघारेघांचं चित्र, आणि ती वाकडी दिसावीत म्हणून केलेली सजावट. त्यावर एक खूण घातली होती, जिचा अर्थ, स्क्रीन रीडरने हे वाचू नये. ही खूण खरं तर चांगल्या कामासाठी आहे, निव्वळ शोभेच्या गोष्टी आमच्या कानात येऊ नयेत म्हणून. एनव्हीडीएने ती इमानाने पाळली. लिंक्स त्या खुणेच्या कितीतरी आधी जन्मलेला, त्याला ती माहीतच नाही. त्याने अक्षरं दिसली तशी ठेवून दिली. म्हणजे ज्या यंत्रांना अडवायला हा कॅप्चा लावला, ती यंत्रं तो क्षणात वाचू शकत होती. इतके दिवस त्या दारात अडत होतो ते फक्त आम्ही.

तिने सहा अक्षरं लिहिली आणि सबमिटवर एंटर दाबला. पाऊस तसाच. मग एक ओळ आली, अर्ज मिळाला, आणि अर्ज क्रमांक. तिने पिशवीतून ब्रेलची पाटी आणि टोचा काढला. ब्रेल उजवीकडून डावीकडे टोचायचं असतं, कागद उलटला की डावीकडून वाचता येतं. टोच्याचा टक टक आवाज मी मोजत होतो. तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती. वडिलांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला, म्हणाले, "देव बरें करूं." ती म्हणाली, "सर, हे लिंक्स माझ्या पेनड्राइव्हवर घालून द्या."

संस्थेला पत्र लिहायला मात्र मला आठवडा लागला. कॅप्चा अक्षरांतच आहे असं कळवलं, तर ते उद्या त्याचं खरोखरचं चित्र करतील आणि उघडं सापडलेलं तेवढं दारही बंद होईल. न कळवावं, तर ज्यांच्याकडे लिंक्स नाही ती मुलं बाहेरच राहतील. शेवटी सगळं लिहिलं आणि कॅप्चाऐवजी मोबाइलवर ओटीपी पाठवा अशी विनंती केली.

पंधरा दिवसांनी संकेतस्थळ बनवणाऱ्या मुलाचा फोन आला. आवाजावरून पंचविशीचा असेल. त्याला वाटत होतं मी काहीतरी हॅक केलं. मी त्याला त्याच्याच संगणकावर लिंक्स घालायला लावला आणि त्याचं पान उघडायला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, फक्त बाणाची बटणं वाजत होती.

"सर," तो म्हणाला, "फॉर्मपर्यंत पोचायला मी सत्तेचाळीस लिंका ओलांडल्या."

मी म्हटलं, "प्रत्येक पानावर तेवढ्याच आहेत."

त्याने मला आणखी तासभर प्रश्न विचारले, बटनांना नावं कशी द्यायची इथपासून. आता त्या पानावर सगळ्यात वर थेट मजकुराकडे नेणारी लिंक आहे, तारीख हाताने लिहिता येते, बटनांना नावं आहेत. ओटीपीचं अजून वरिष्ठांकडे अडलंय असं तो सांगतो. दर सोमवारी मी ते पान लिंक्समध्ये उघडतो. कालही ती सहा अक्षरं तिथेच होती.