हँडल वर उचला, मग किल्ली फिरवा: ब्रिटनमधल्या घराचं कुलूप

आपल्याकडच्या फ्लॅटचं दार पाहिलं की कुलूप डोळ्यांत भरतं. वर कडी, मध्ये लॅच, बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर, आणि चार दिवस गावाला जायचं असेल तर कोयंड्याला गोदरेजचं नवताल. ब्रिटनमधल्या साध्या घराच्या दाराला यातलं काहीच दिसत नाही. पांढरं यूपीव्हीसीचं किंवा रंगीत कॉम्पोझिट दार, त्याला एक लांबट हँडल आणि हँडलखाली किल्लीचं भोक. नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं, एवढ्याशा किल्लीवर हे लोक निर्धास्त झोपतात तरी कसे? खरं म्हणजे बंदोबस्त दाराच्या कडेत लपलेला असतो. तो व्यवस्थित बसवलाय की नाही, हे मात्र काही मिलिमीटरांवर ठरतं.

दार उघडून त्याची कड पाहा. वरपासून खालपर्यंत एक धातूची पट्टी दिसेल. तिच्यात वर-खाली आकडे किंवा जाड बोल्ट, मध्ये लॅचची तिरकी जीभ आणि तिच्याजवळ मुख्य बोल्ट. याला मल्टिपॉइंट लॉक म्हणतात. दार लावून हँडल वर उचललं की आकडे बाहेर येऊन चौकटीतल्या खाचांत अडकतात. त्यानंतर किल्ली फिरवली की ते तिथेच पक्के होतात. हँडल न उचलता नुसतं दार ओढून घेतलं, तर दार फक्त लॅचच्या जिभेवर उभं राहतं. अनेक दारांना बाहेरून हँडल दाबून लॅच मागे घेता येत नाही, त्यामुळे दार बाहेरून ‘बंद’ वाटतं आणि घोटाळा इथेच होतो. भेटीला आलेले आई-बाबा कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर जातात, दार वाऱ्यानं लागतं आणि ते किल्लीशिवाय थंडीत उभे राहतात. याच्या उलटही होतं. फिरायला जाताना ते दार नुसतं ओढून घेतात आणि घर तासभर एका जिभेच्या भरवशावर राहतं. पाहुणे आले की पहिल्या दिवशी त्यांना वायफायचा पासवर्ड देण्याआधी हँडल उचलायला शिकवावं.

आता किल्लीच्या भोकाकडे वळू. सिलिंडर म्हटलं की आपल्याला गॅसचा आठवतो. इथे सिलिंडर म्हणजे किल्ली जिच्यात जाते ती पितळी नळी. वर गोल आणि खाली चपट्या शेपटीचा, असा तिचा आकार असतो आणि या आकाराला युरो प्रोफाइल म्हणतात. नळीच्या मध्यभागी एक फिरती जीभ असते. किल्ली फिरली की ही जीभ आतल्या गिअरबॉक्सला, म्हणजे आकडे-बोल्ट हलवणाऱ्या यंत्रणेला, ढकलते. दाराच्या कडेतून येणारा एक लांब एम५ स्क्रू नळीच्या मधोमध जातो आणि तिला जागेवर धरतो. त्या स्क्रूच्या भोकापाशी पितळ अगदी पातळ उरतं. साधा सिलिंडर हँडलच्या बाहेर डोकावत असेल, तर तो बाहेरून पकडून नेमका तिथेच मोडता येतो. ब्रिटनमध्ये घरफोडीची ही पद्धत इतकी पसरली की त्यासाठी वेगळं मानक आणावं लागलं.

त्या मानकाचं नाव टीएस ००७. त्यात तारे मिळतात. एका ताऱ्याचा सिलिंडर आणि दोन ताऱ्यांचं मजबूत हँडल मिळून तीन तारे होतात, किंवा सिलिंडर एकटाच तीन ताऱ्यांचा घेता येतो. तारे आणि काइटमार्क (ब्रिटिश मानक संस्थेचं प्रमाणचिन्ह) सिलिंडरच्या तोंडावरच कोरलेले असतात, म्हणजे दारासमोर उभं राहूनच पाहता येतं. मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशन ही कुलूपवाल्यांची संघटना चालवते त्या ‘सोल्ड सिक्युअर’ या कुलपं तपासणाऱ्या संस्थेची डायमंड पातळी, म्हणजे एसएस३१२, ही दुसरी ओळख. अव्होसेट एबीएस, अल्टिऑन, येल प्लॅटिनम यांसारख्या तीन-तारा सिलिंडरांत पुढच्या टोकाला मुद्दाम एक खाच पाडलेली असते. जोर लावला तर तेवढा पुढचा तुकडा तुटतो आणि मधली जीभ व उरलेला सिलिंडर जागेवरच राहतो. पेटीवर नुसतं ‘अँटी-स्नॅप’, म्हणजे मोडायला अवघड, असं लिहिलंय म्हणून घेऊ नका. तारे मोजा.

साधा सिलिंडर दहा-पंधरा पौंडांत येतो, तीन ताऱ्यांचा साधारण चाळीस ते सत्तर पौंडांत. बदलायला एक स्क्रूड्रायव्हर आणि दहा मिनिटं पुरतात. वेळ आणि डोकं खर्च होतं ते मापावर.

माप स्क्रूच्या मध्यापासून घेतात. तिथून बाहेरच्या हँडलच्या पृष्ठभागापर्यंत एक आकडा, आतल्या हँडलच्या पृष्ठभागापर्यंत दुसरा. लिहिताना सहसा बाहेरचा आधी: ४०/५०, ४५/४५, ४५/५५. सिलिंडर पाच-पाच मिलिमीटरच्या टप्प्यांत मिळतात. बाहेर ४३ भरले तर ४५ चा घ्या, दोन मिलिमीटर डोकावेल. ४१ भरले तर ४० चा घ्या, एक मिलिमीटर आत राहील. बाहेर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावता कामा नये, हा नियम कायम. आतल्या बाजूला दोन-चार मिलिमीटर जास्त झाले तरी काही बिघडत नाही. लोक चुकतात ते इथे: जुना सिलिंडर काढून त्याचंच माप दुकानात सांगतात. जुना आधीच आठ मिलिमीटर बाहेर लोंबत असेल, तर सत्तर पौंडांचा नवाही तसाच लोंबतो. मोजायचं ते दार आणि हँडल, जुना सिलिंडर नव्हे. आणि हँडलही बदलायचं असेल तर ते आधी बसवा, मग मोजा, कारण जाड हँडलनं दोन्ही आकडे बदलतात.

बदलताना दार उघडं ठेवा आणि शेवटपर्यंत उघडंच असू द्या. कडेच्या पट्टीत सिलिंडरच्याच उंचीवर असलेला लांब स्क्रू पूर्ण काढा. सिलिंडर लगेच बाहेर येणार नाही, कारण मधली जीभ एका बाजूला झुकलेली असते. किल्ली घालून घड्याळात ११ किंवा १ वाजल्याच्या जागेपर्यंत हळूहळू फिरवा आणि त्याच वेळी सिलिंडर हलकेच ओढा. जीभ शेपटीच्या रेषेत आली की तो सरकन बाहेर येतो. नवा घालतानाही हेच करायचं. खाच असलेली बाजू बाहेर आली पाहिजे. बहुतेक सिलिंडरांवर बाहेरची बाजू खुणेनं दाखवलेली असते. ४५/५० चा सिलिंडर उलटा बसला, तर बाहेर पाच मिलिमीटर जास्त येतात आणि खाच राहते घराच्या आत, म्हणजे पैसे पाण्यात. स्क्रू लावताना आधी तो सैल ठेवून किल्ली फिरवून पाहा, मग आवळा. फार आवळला तर सिलिंडर किंचित वाकडा बसतो आणि किल्ली जड होते. मग लोक सिलिंडरला दोष देतात. दार उघडं असतानाच प्रत्येक किल्ली दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा फिरवा. सगळं सुरळीत असेल तरच दार लावून पाहा.

दार उघडं असताना किल्ली लोण्यासारखी फिरते आणि लावल्यावर अडते, असं झालं तर सिलिंडर निर्दोष आहे. दार खाली बसलंय किंवा उन्हानं किंचित वाकलंय, आणि आकडे चौकटीतल्या खाचांना घासतायत. दक्षिणेकडे तोंड असलेली गडद रंगाची दारं उन्हाळ्यात हा त्रास हमखास देतात. बिजागरीत ॲलन कीनं फिरवायचे स्क्रू असतात. त्यांनी दार वर-खाली आणि आत-बाहेर सरकवता येतं. एका वेळी अर्धा फेरा द्या, मग तपासा. चौकटीतल्या खाचपट्ट्याही बहुतेक वेळा थोड्या सरकवता येतात. न करायची गोष्ट एकच: हँडल दोन्ही हातांनी वर खेचणं. त्यानं दार दोन महिने चालतं आणि मग आतला गिअरबॉक्स मोडतो. तो बहुधा दार बंद असतानाच मोडतो, आणि मग बाहेरचा माणूस बोलावण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

गिअरबॉक्स बदलायचा झाला तर पट्टीवर कोरलेलं नाव, हँडल ज्यावर बसतं त्या आतल्या चौकोनी दांड्यापासून सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं अंतर (बऱ्याच दारांत ९२ मिलिमीटर) आणि पट्टीच्या पुढच्या कडेपासून दांड्याच्या मध्यापर्यंतचं अंतर (सहसा ३५) लिहून घ्या. या तीन गोष्टी जुळल्या की नुसता गिअरबॉक्स मिळतो. पूर्ण पट्टी बदलायची गरज नसते.

तेलाबद्दल एक सूचना. सिलिंडरमध्ये खोबरेल, शिलाईयंत्राचं तेल किंवा सगळ्यांच्या घरी असतो तो डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा मारू नका. तेलाला धूळ चिकटते आणि आतल्या बारीक पिना अडकतात. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे वर्षातून एकदा पुरे.

व्हिक्टोरियन काळातल्या चाळवजा ओळघरांची दारं लाकडी, आणि त्यांचा हिशेब वेगळा. तिथे दोन कुलपं असतात. वरचं नाइट लॅच, म्हणजे दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप, ज्याला सगळे सरसकट ‘येल’ म्हणतात, आणि खालचं दाराच्या लाकडात खोचलेलं पाच लिव्हरचं मॉर्टिस डेडलॉक. दाराच्या कडेतल्या पितळी पट्टीवर बीएस ३६२१ हा ब्रिटिश मानकाचा क्रमांक आणि काइटमार्क आहे का पाहा. असेल तर बोल्ट २० मिलिमीटर बाहेर येतो आणि आत ड्रिल रोखणारी कडक पट्टी असते. घराचा विमा घेताना फॉर्ममध्ये नेमका हाच प्रश्न येतो. तिथे अंदाजानं ‘हो’ लिहिणं महागात पडतं, कारण चोरी झाल्यावर कंपनी आधी कुलूप पाहते आणि मग दागिन्यांची यादी. दिवाळी आणि लग्नसराईच्या दिवसांत ब्रिटनचे पोलीस दक्षिण आशियाई कुटुंबांना सोन्याबद्दल सावध करतात, हेही इथे लक्षात असू द्या.

मॉर्टिस बसवणं सुताराचं काम आहे. दार किमान ४४ मिलिमीटर जाड हवं. पातळ दारात खोबण पाडली की दोन्ही बाजूंना लाकडाचे पापुद्रे उरतात आणि कुलूप मजबूत असूनही दार तिथेच फुटतं. दुसरी चूक जागेची. पॅनेलच्या दारात मधली आडवी पट्टी उभ्या पट्टीला जिथे सांध्यानं जोडलेली असते, तिथेच खोबण पाडली तर सांधाच कापला जातो. दोन कुलपांत चाळीस ते साठ सेंटिमीटर अंतर ठेवलं की ताण वाटला जातो. चौकटीत बोल्ट जातो ती खोबणी पेटीसारखी धातूची हवी. नाइट लॅचच्या बाजूला चौकटीवर एक लांब पोलादी पट्टी लावतात, तिला लंडन बार म्हणतात. लाथेनं कुलूप क्वचितच तुटतं, फुटते ती चौकट. म्हणून लंडन बार आणि बिजागरीच्या बाजूनं दार चौकटीत अडकवून धरणारे हिंज बोल्ट यांवर खर्च केलेले पैसे वाया जात नाहीत.

आता किल्लीशिवाय आतून बाहेर पडण्याबद्दल. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं कुलूप आगीच्या वेळी जीवघेणं ठरतं. त्यासाठी आतल्या बाजूला हातानं फिरवायची चकती असलेला सिलिंडर मिळतो. मॉर्टिसमध्ये यासाठी बीएस ८६२१ हे वेगळं मानक आहे. पण दारात काच असेल किंवा पत्रांची फट कुलपाजवळ असेल, तर बाहेरून हात किंवा आकडा घालून तीच चकती फिरवता येते. फट आणि कुलूप यांत ४० सेंटिमीटर अंतर असावं. नसेल तर फटीला आतून झाकण किंवा पिंजरा लावा. किल्ल्या, विशेषतः गाडीच्या, दारालगतच्या टेबलावर ठेवू नका. फटीतून काठीनं उचलतात.

इमारतीतल्या फ्लॅटचं मुख्य दार हे बहुधा अग्निरोधक दार असतं. त्यात स्वतःच्या मर्जीनं भोक पाडायचं नाही, कारण कुलपाभोवती आगीत फुगणारं अस्तर असतं आणि चुकीच्या भोकानं त्याचा उपयोग संपतो. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसं गेली. त्यानंतर आलेल्या नियमांप्रमाणे इंग्लंडमध्ये २३ जानेवारी २०२३ पासून ११ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींत फ्लॅटची दारं दरवर्षी तपासावी लागतात. आधी इमारतीच्या व्यवस्थापनाला लेखी विचारा.

कुलूपवाल्याच्या धंद्याला ब्रिटनमध्ये सरकारी परवाना लागत नाही. ‘एकोणपन्नास पौंडांपासून’ अशी जाहिरात करून येणारा माणूस दारात उभा राहिला की थेट ड्रिल काढतो आणि बिल काही शे पौंडांवर जातं. फोनवरच तीन गोष्टी विचारा: येण्याचे, मजुरीचे आणि सामानाचे मिळून एकूण किती, व्हॅट धरून का, आणि न फोडता उघडाल का. अनुभवी माणूस साधं लागलेलं दार बहुतेक वेळा न फोडता उघडतो. आल्या आल्या ड्रिल बाहेर काढणाऱ्याला परत पाठवायला संकोच नको. मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशनच्या यादीतले सभासद तपासून घेतलेले असतात.

भाड्याच्या घरात असाल तर सिलिंडर बदलण्यापूर्वी मालकाला ईमेल करा आणि एक किल्ली त्याला द्या. काढलेला सिलिंडर, त्याच्या सगळ्या किल्ल्या आणि तो लांब स्क्रू एका पिशवीत घालून वर दाराचा पत्ता लिहा आणि वीजमीटरच्या कपाटात ठेवा. घर सोडताना तोच परत बसवायचा आणि तीन ताऱ्यांचा आपला आपण घेऊन जायचा. पुढच्या घराच्या दाराला तो लागेलच असं नाही, तिथेही आधी मापच घ्यावं लागेल.