मोकळा तास

आमच्या तरुण संघाचं शिबिर दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत असायचं, तीन दिवस, चर्चच्याच आवारात. पुण्यात पेठेतलं चर्च, मंडळी छोटी, त्यामुळे पाचगणी वगैरे परवडायचं नाही, अंथरुणं घरून आणायची आणि संडे स्कूलच्या खोल्यांत सतरंज्या टाकून झोपायचं. तीस-पस्तीस पोरंपोरी, सातवी ते बारावी. पहाटे घंटा, मग भक्ती, मग कांदेपोहे, बायबल अभ्यास, गाणी, संध्याकाळी व्हॉलीबॉल, रात्री साक्षी, म्हणजे आपापले देवाचे अनुभव सांगणं, आणि नाटुकली. पण आज कोणीही जुनं भेटलं की विषय निघतो तो वेळापत्रकातल्या एकाच ओळीचा, दुपारी ३ ते ४, मोकळा तास.

मोकळा म्हणजे खरंच मोकळा. झोपा, गप्पा मारा, झाडाखाली बसा, कोणी विचारणार नाही. ही कल्पना मावशींची. शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका, सगळी मंडळी त्यांना मावशीच म्हणायची. त्यांची अट एकच, चार वाजता परत यायचं आणि एका लांबड्या वहीत आपण काय केलं ते एका ओळीत लिहायचं, खरं लिहायचं. पोरांना मोकळं सोडलं की रिकामं मन सैतानाचं घर असं काही मोठी माणसं म्हणायची, तर मावशी पहिल्याच दिवशी बायबलमधल्या मार्कच्या सहाव्या अध्यायातला तो भाग वाचून दाखवायच्या, जिथे येशू दमलेल्या शिष्यांना म्हणतो की तुम्ही एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या. जेवायलासुद्धा सवड नव्हती त्यांना! विसावा प्रभूनेच दिलाय, तर तो चोरल्यासारखा का घालवायचा, असं त्यांचं म्हणणं.

मी आठवीत होतो तेव्हा पहिल्याच दिवशी आम्ही तिघं मागच्या गेटमधून सटकलो आणि नाना पेठेत एका व्हिडिओ गेमच्या दुकानात गेलो. आईने रविवारच्या अर्पणासाठी दिलेले पाच रुपये त्यात गेले. परत आलो तेव्हा सव्वाचार झालेले, वहीत घाईघाईने लिहिलं, "खेळलो." मावशींनी वाचलं आणि विचारलं, काय खेळलास रे? सांगितलं. पैसे कुठले? तेही सांगितलं, मान खाली घालून. मला वाटलं आता पाळकसाहेबांपर्यंत जाणार. त्या फक्त म्हणाल्या, मग पूर्ण लिही की. मी पूर्ण लिहिलं, पाच रुपयांसकट. वही मिटताना म्हणाल्या, उद्याचा तासही तुझाच आहे हं.

दुसऱ्या दिवशी मी कुठेच गेलो नाही. चर्चमध्ये एक आजोबा संध्याकाळच्या भजनासाठी पेटी वाजवत बसलेले, त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी न विचारता माझा हात धरून पट्ट्यांवर ठेवला आणि स्वतः भाता हलवत राहिले. सा कुठे, ग कुठे, एवढंच त्या तासात कळलं. त्यांच्या बोटांच्या टोकांना तपकिरीचा वास यायचा, तो अजून आठवतो. आजोबा रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायचे, टाळ-तबल्यावर, अगदी वारीतल्यासारखी, आणि सांगायचे की बाळा, टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला पण अभंगाची चाल त्यांनी सोडली नाही. पुढची चार वर्षं माझा मोकळा तास पेटीपाशीच गेला आणि शिबिर संपलं की रविवारची दुपारसुद्धा.

गंमत म्हणजे व्हॉलीबॉलही त्याच १८९५ सालचा. आमचे खेळ घेणारे दादा नेट बांधता बांधता सांगायचे की हा खेळ अमेरिकेत वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेतल्या विल्यम मॉर्गन नावाच्या माणसाने काढला आणि बास्केटबॉल त्याच्याआधी १८९१ मध्ये वायएमसीएच्याच जेम्स नाइस्मिथने, हिवाळ्यात पोरांना आत खेळायला काहीतरी हवं म्हणून. आणि वायएमसीए १८४४ साली लंडनमध्ये सुरू केली ती कापडाच्या दुकानात राबणाऱ्या जॉर्ज विल्यम्सने, आपल्यासारख्या कामगार पोरांना काम सुटल्यावर चांगली संगत मिळावी म्हणून. क्वार्टर गेटजवळच्या वायएमसीएवरून आम्ही रोज जायचो पण तिच्या मुळाशी मोकळ्या वेळाचाच प्रश्न आहे हे तेव्हा कळलं.

एका वर्षी दौंड पॅसेंजरने केडगावला नेलं होतं, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं हे शाळेच्या पुस्तकात नव्हतं. त्याची जुळणी, छपाई मुक्तीतल्याच मुलींनी केली, दुष्काळात घरदार गेलेल्या मुली होत्या त्यांच्यात. त्या दिवशी गाडीत परतताना पोरी खूप गप्प होत्या. त्यांच्यातल्या एकीने वहीत लिहिलं, "आजीला वाचता येत नाही, सुट्टीत शिकवणार." आणि तिने शिकवलं, नाताळच्या उपासनेत आजीने उभं राहून लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या तीन ओळी वाचल्या, बोट ठेवून ठेवून, आणि अख्खी मंडळी श्वास रोखून ऐकत होती.

आता पालक मला विचारतात की मोबाईल काढून घ्यावा का. घ्या थोडा वेळ, पण काढून घेतलेल्या हातात काय देणार ते आधी ठरवा असं मला मनापासून वाटतं. आम्हाला कोणी पेटी दिली, कोणी बॉल दिला, आणि मुख्य म्हणजे कोणीतरी आपला तास देऊन शेजारी बसलं.

मावशी प्रभूकडे गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. शिबिर चालू आहे, वहीही चालू आहे. गेल्या दिवाळीत गेलो होतो तेव्हा चार वाजता वही माझ्याकडे आली. नववीतल्या एका मुलीने लिहिलेलं, "शेजारच्या आजींना औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून दिल्या, त्यांनी करंजीला मुरड घालायला शिकवली." त्याच्या खाली एका मुलाचं, "रील्स बघितल्या, ५० मिनिटं." अक्षर दाबून लिहिलेलं, कागदाला वळ उठलेले. तो समोरच उभा होता, मी काय म्हणतो याची वाट बघत. मी वही मिटली आणि म्हटलं, चल रे, नेट बांधायचंय.