चेहऱ्याचं तेल आणि त्या वळ्या

तेल निवडणं सोपं होतं. रोज रात्री लावायची सवयही पटकन लागली. मला छळलं ते वळ्यांनी. तेल चेहऱ्यावर फिरवायला घेतलं की हनुवटीपाशी आणि कपाळाच्या कडेला पांढुरक्या, मळासारख्या वळ्या सुटायच्या. चेहरा नुकताच धुतलेला, त्यामुळे मळ असायचा प्रश्नच नव्हता. बाटलीवर सूचना काय, तर 'स्वच्छ त्वचेवर दोन-तीन थेंब हलक्या हाताने लावा'. संपलं. क्रीमच्या आधी की नंतर, ओल्या त्वचेवर की कोरड्या, खाली काय चालतं आणि काय नाही, याबद्दल एक अक्षर नाही. सुगंधाचं वर्णन मात्र चांगलं सहा ओळींचं होतं.

माझी त्वचा कोरडी. सकाळी उठल्यावर गाल ताणल्यासारखे वाटायचे, नाकाच्या बाजूला पापुद्रे धरायचे. रात्री त्वचेतून पाण्याची वाफ दिवसापेक्षा जास्त उडते, म्हणून तेल रात्री लावायचं ठरवलं. स्क्वालेन घेतलं. आपल्या त्वचेच्या स्वतःच्या तेलात स्क्वालीन नावाचा घटक असतोच. त्यावर प्रक्रिया करून हवेत लवकर खराब न होणारं जे रूप तयार करतात ते स्क्वालेन. पूर्वी ते शार्कच्या यकृतातून काढत, आता ऑलिव्ह किंवा उसापासूनही बनतं. वास नाही, चिकटपणा कमी. हाताच्या आतल्या बाजूला एका ठरलेल्या जागी दिवसातून दोनदा असं आठवडाभराहून जास्त लावून पाहिलं. खाज नाही, लाली नाही. इथपर्यंत सगळं सुरळीत.

मग वळ्या सुरू झाल्या. आधी वाटलं, तेल जास्त होतंय. थेंब कमी केले, वळ्या तशाच. मग सल्ले आले. एक म्हणे तेल आधी लाव, एक म्हणे सगळ्यात शेवटी, एक म्हणे क्रीममध्येच मिसळ. तिघांचाही आवाज सारखाच ठाम. कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर यायला इतका वेळ लागला की मी प्रश्न विसरायच्या बेतात होते, आणि आलं ते काय, तर 'कृपया बाटलीवरील सूचना पाळा'. त्याच सूचनेबद्दल तर विचारलं होतं! वर 'आपल्या त्वचेला हे उत्पादन मानवत नसावं' अशी पुस्ती. त्या पुस्तीचा राग अजून गेलेला नाही. माझ्या त्वचेला काहीही झालेलं नव्हतं, वळ्या त्वचेच्या नव्हत्याच.

शेवटी एकेक गोष्ट काढून पाहिली. एका रात्री नुसतं तेल: वळ्या नाहीत. एका रात्री क्रीम आणि वर तेल: नाहीत. सीरम, म्हणजे क्रीमच्या आधी लावायचं पातळसर द्रव, आणि वर तेल लावलं, तेव्हा वळ्याच वळ्या. म्हणजे तेल बिचारं निर्दोष. सीरमच्या डबीवरची घटकांची यादी काढून वाचली. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात; एक टक्क्याच्या खालचे मात्र कुठल्याही क्रमाने लिहिलेले चालतात. अगदी वरच्या नावांत डायमेथिकोन, म्हणजे सिलिकोन, आणि पुढे कार्बोमर. कार्बोमर सीरमला दाटपणा देतं, आणि अशा घटकांचा त्वचेवर वाळून एक पातळ पापुद्रा बसतो. तो नीट बसायच्या आत किंवा बसल्यावर त्यावर तेल चोळलं की पापुद्रा सुटतो, बोटाखाली गोळा होतो आणि त्याच्या वळ्या होतात. झॅन्थन गम या दाटपणा देणाऱ्या डिंकानेही असंच होऊ शकतं. हे मी स्वतः शोधून काढलं याचा मला अजून अभिमान आहे, कारण 'सिलिकोनच्या सीरमवर तेल चोळू नका' हे एक वाक्य डबीवर छापायला कोणाचं काय गेलं असतं?

उपाय दोन निघाले. पहिला, सीरम बदलणं. साधं ग्लिसरीनचं घेतलं, जुनं हाताच्या कोपरांवर लावून संपवलं. दुसरा, तेल चोळायचंच नाही. थेंब तळहातावर घ्यायचे, दोन्ही हात एकमेकांवर घासायचे आणि तळवे गालांवर, कपाळावर, मानेवर नुसते दाबायचे. हा दुसरा उपाय एवढा कामाचा आहे की सीरम बदलायचं नसेल तर आधी हाच करून बघा. आणि मध्ये थांबा. सीरम ओलं वाटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग क्रीम, मग पुन्हा थोडं थांबून तेल. हे थांबणं मला अजिबात आवडत नाही. त्या वेळात मी दात घासते.

क्रम मी असा पक्का केला: पाण्याचं, म्हणजे सीरम, आधी, क्रीम नंतर, तेल शेवटी. कारण तेलात पाणी नसतंच. ते ओलावा देत नाही, पेशींमधल्या फटी भरून त्वचा मऊ करतं आणि आतलं पाणी उडून जाणं जरा मंदावतं. पेट्रोलियम जेलीच्या मानाने हे रोखणं फारच सौम्य असतं. कोरड्याठाक चेहऱ्यावर नुसतं तेल लावलं तर चकाकी येते, ताण जात नाही. त्वचा किंचित ओलसर असतानाच सुरुवात करावी.

हो, डोळ्यांचं सांगायचं राहिलं. पापण्यांच्या अगदी जवळ तेल नेऊ नका, रात्री ते सरकत आत जातं आणि सकाळी सगळं धूसर दिसतं. उशीच्या अभ्र्यालाही ते लागतंच, म्हणून झोपायच्या निदान अर्धा तास आधी लावते. अभ्रा आता वारंवार बदलते.

'छिद्रं बुजवत नाही' या शिक्क्यावर माझा विश्वास नाही. कुठलं तेल छिद्रं बुजवतं याच्या जुन्या याद्या बऱ्याचशा सशाच्या कानावरच्या चाचण्यांतून आल्या आहेत, आणि सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी पटकन प्रतिक्रिया देतो. शिवाय त्या शब्दांमागे सक्तीचं एकच असं मोजमाप नाही. ऑलिव्ह तेल 'नैसर्गिक' म्हणून थेट चेहऱ्याला लावायचा मोह टाळा. त्यात ओलिक आम्ल हे मेदाम्ल भरपूर असतं, आणि प्रौढांवरच्या 2013 च्या एका अभ्यासात त्याने त्वचेचं वरचं कवच कमकुवत झालं, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. कपाळावर एकसारखे, खाजणारे बारीक पुरळ असतील तर तेल बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते मालासेझिया या बुरशीचे असू शकतात, आणि तेलांतली बरीच मेदाम्लं या बुरशीचं खाद्य असतात.

रोझहिपचं, म्हणजे रानगुलाबाच्या फळातल्या बियांचं, तेल घेणार असाल तर छोटी, गडद काचेची बाटली घ्या, ते लवकर खवट होतं. बाटलीवर उघड्या डबीचं चिन्ह आणि शेजारी आकडा असतो, तो उघडल्यानंतरचे महिने सांगतो. उघडल्याची तारीख मी बुडाशी पेनने लिहून ठेवते. आकडा काहीही म्हणो, खवट वास आला की बाटली टाकून द्यायची.