शेवटचे बिंदू का वाकतात?

आज प्रॅक्टिकलला मिथाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचं जलविघटन. लॉग (V∞ − Vt) विरुद्ध वेळ, उतार −k/2.303. Vt म्हणजे t वेळी टायट्रेशनला ब्युरेटमधून लागलेला अल्कली, V∞ म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्यावर लागलेला; k हा वेग-स्थिरांक. सुरुवातीचे बिंदू सुरेख रेषेत, शेवटचे मात्र खाली झुकलेले. दोष बहुतेकदा V∞ चा! मिथाइल अ‍ॅसिटेट 57 अंशांना उकळतं. V∞ साठी अभिक्रिया पूर्ण करायला फ्लास्क उघडा ठेवून तापवला की एस्टर उडतं, V∞ कमी येतं. कंडेन्सर (वाफ थंड करून परत आणणारी नळी) लावाच. शिवाय (V∞ − Vt) हा फरक 10 मिली असताना ब्युरेटची 0.1 मिलीची चूक 1 टक्का, तर 0.4 मिली असताना तीच 25 टक्के. म्हणून रेषा ओढताना शेवटच्या बिंदूंच्या मागे धावू नका.

V∞ वर भरवसाच नसेल तर गुगेनहाइमची 1926ची पद्धत वापरा: वेळेच्या ठरावीक अंतराने घेतलेल्या दोन वाचनांतल्या फरकाचा लॉग घ्या. उतार तोच. फक्त ते अंतर निदान दोन अर्धायूंइतकं (अर्धायू म्हणजे निम्मं एस्टर संपायला लागणारा वेळ) हवं.